एफी कारमायकलची गाय

लिस्मोर बेटावर कुणालाही विचारा, डूगल कारमायकलच्या गाई कशा होत्या. बोटीच्या धक्क्यावर उभा असलेला माणूस हातातलं काम सोडून सांगायला लागेल. रंग कसा, शिंगांचा डौल कसा, डोळ्यांवर आलेली झुलपं कशी, आणि ओबानच्या गुरांच्या बाजारात डूगल लिलावाच्या रिंगणात शिरला की बसलेले लोक कसे पुढे सरकायचे, सगळं सांगेल. एफीचं नाव काही तो घेणार नाही. तुम्हीच घेतलंत तर म्हणेल, "हो, बहीण होती ना त्याची. बादली घेऊन मागे असायची ती."

बादली घेऊन मागे! चाळीस वर्षं त्या बादलीशिवाय एक गाय उभी राहिली नसती, पण बादलीला बक्षिसाची फीत बांधायची पद्धत आमच्याकडे नाही.

हायलँड गाय फार निगा मागत नाही, असं लोक म्हणतात. गोठा नको, शेकोटी नको, गारांच्या पावसातही माळावर उभी राहते, उघड्यावर. हे म्हणणारे लोक त्या वेळी घरात चुलीपाशी असतात. गाय बाहेर राहते म्हणजे तिची वैरणही बाहेर न्यावी लागते, आणि ती भिजलेल्या गवताचे भारे पाठीवर घेऊन एफी नेत असे. गाय विते तीही बाहेरच, दगडी कुंपणाच्या आडोशाला, वारा असेल त्या दिवशी हमखास. एफी शेजारी पोतं पांघरून बसे. वासरू आडवं आलं तर कोपरापर्यंत हात घाले. मग घरी येऊन त्याच हातांनी डूगलची लापशी ढवळे. हात धुऊन अर्थात. पण डूगलनं तेवढंही कधी विचारलं नाही.

बाजाराच्या आधी तर तिची हाडं खिळखिळी व्हायची. कालवडीला दाव्याची सवय लावायची, ती ओढेल तिकडे फरफटत जायचं आणि पुन्हा उठून समजूत घालायची. साबणानं धुवायचं, केस वाळेपर्यंत विंचरायचं, शिंगांना जवसाचं तेल चोळायचं. एवढं झालं की डूगल ट्वीडचा कोट घालून, मेंढीच्या शिंगाच्या मुठीची काठी घेऊन बाहेर यायचा आणि म्हणायचा, "यंदा बरी दिसतेय." आणि दावं हातात घ्यायचा.

डूगल वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यानं बहिणीवर कधी आवाज चढवला नाही, दर नाताळला लोकरीचे हातमोजे आणले, आणि बायको मुलाला घेऊन ग्लासगोला निघून गेली तेव्हा "एफी आहे म्हणून चाललंय" असं चारचौघांत म्हणाला. चाललंय! चाललं होतं खरं. एफीचं लग्न राहून गेलं, तेही असंच चालता चालता.

आता प्रॉशकची गोष्ट. आमच्या जुन्या भाषेत प्रॉशक म्हणजे मानी बाई. एफीची आई लग्न होऊन बेटावर आली ती एक तांबडी गाय घेऊन, आणि तिचं नाव प्रॉशक होतं. आमच्याकडे आईचं नाव लेकीला जातं, गाईंमध्ये. पहिली प्रॉशक, दुसरी प्रॉशक, अशी ओळ लागते आणि चालत राहते. मरताना आईनं एफीला सांगितलं, "जमीन डूगलची. प्रॉशक तुझी." हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं. पण गाईंची नोंद व्हायची ती जमीन ज्याची त्याच्या नावानं, तेव्हा ती डूगलच्या नावानं झाली. एफीला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरातल्या घरात कसलं आलंय नाव!

वसंतात डूगल गेला. खुर्चीत बसल्या बसल्या गेला, चहासुद्धा अर्धाच झाला होता. जमीन, घर आणि गाई मुलाला, रोरीला मिळाल्या. रोरी ग्लासगोला स्वयंपाकघरांची कपाटं विकायचा. पोरगा तसा गोड बोलणारा. अंत्यविधीनंतर आठवड्यानं तो म्हणाला, "आत्या, मी विचार केलाय. घर उन्हाळ्यात पाहुण्यांना द्यायचं. मागची खोली तुझी, अगदी कायमची. पण गाई काही मला झेपायच्या नाहीत गं. ऑक्टोबरात काढून टाकू सगळ्या."

"सगळ्या?" एफीनं विचारलं.

"दोन-चार ठेवून काय करायचं? तुझंही वय झालं. आता जरा आराम कर ना."

एफी 'बरं' म्हणाली. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण बोलायचं म्हणजे रोरीपुढे हात पसरून 'माझी गाय मला दे' म्हणायचं. आपलीच वस्तू मागायची म्हणजे ती त्याची आहे हे आधी कबूल करायचं. गाईचं नाव मानी ठेवलं होतं, पण त्या घरात मानी कोण होतं ते कुणी सांगायला नको.

बाकीच्या गाई गेल्या तर जाऊ देत, असं तिनं मनाशी ठरवलं. म्हातारी प्रॉशक मागच्या हिवाळ्यात गेली होती. तिची शेवटची कालवड तेवढी राहिली होती, दोन वर्षांची, वाळल्या नेच्याच्या तांबूस रंगाची, तीही प्रॉशकच. ती गेली की ओळ बेटावरून संपली. ती एक हवी होती. अंडी विकून, लोकरीचे मोजे विकून साठवलेले पैसे एफीकडे होते. प्रश्न एवढाच होता की घ्यायची कशी.

पलीकडच्या कुंपणाशी टॉर्किल ब्लॅक राहायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे दुखणारे, बोलायला गोड नाही पण शब्दाला पक्का. एफी त्याच्याकडे गेली तेव्हा तो बटाटे काढत होता.

"टॉर्किल, एक काम होतं."

"तुझं कुंपण पडलंय, पाहिलंय मी. उद्या येतो."

"कुंपण गेलं खड्ड्यात. ओबानच्या बाजाराला येणारेस ना?"

"दर वर्षी जातो. घेत काही नाही, पण मटणाची गरम पेस्ट्री खायला मिळते."

"या वर्षी घे. प्रॉशकवर बोली लाव. पैसे माझे, तोंड तुझं."

टॉर्किलनं फावडं मातीत रोवलं. "अगं, रोरीला सांग की. आत्या म्हणून देईल तो."

"माझी गाय मी त्याच्याकडे मागू?"

"मग तूच लाव बोली."

"घरच्या जनावरावर घरच्या माणसानं बोली लावायची? म्हातारी भाव चढवतेय म्हणतील. कारमायकलांचं नाव घालवू शेवटी शेवटी?"

आमच्याकडे हे दोन नियम आईच्या दुधाबरोबर येतात. घरच्यानं आपल्याच जनावराची बोली वाढवायची नाही, ती चोरी. आणि घरचं माणूस काही परत घेऊ पाहत असेल, तर शेजाऱ्यानं आड यायचं नाही, ते पाप. पहिला नियम एफीनं सांगितला. दुसऱ्याची आठवण त्या दिवशी दोघांनाही झाली नाही.

"आणि ठेवायची कुठे?" त्यानं विचारलं.

"तुझ्या वरच्या रानात."

"चालेल तिला? मानी आहे म्हणे."

"नाही चालणार. नुसते दगड आहेत तिथे. पण दुसरा कुणी रिकामा म्हातारा मिळाला नाही मला."

टॉर्किल हसला. "बरं. घेतो तुझी गाय. पण रोज येऊन तिच्याशी बोलत बसशील, आणि मला ऐकावं लागेल."

"कान बंद कर," एफी म्हणाली. घरी येताना ती गुणगुणत होती.

बाजाराच्या दिवशी बोटीवरच्या बारमध्ये रोरीला एक जण भेटला. तिथे असा माणूस नेहमी भेटतोच, ज्याला सगळं माहीत असतं आणि ज्याच्याकडे स्वतःचं जनावर नसतं. त्यानं रोरीला शिकवलं: हौशी लोक आलेत, दक्षिणेकडचे, पैसेवाले, दोन गिऱ्हाईकं भिडली की आपणही मधेमधे हात वर करायचा, भाव आपोआप चढतो. रोरीनं हे डोक्यात ठेवलं. कपाटं विकणाऱ्याला यात गैर ते काय वाटणार? आईनं त्याला लहानपणीच बेटावरून नेलं. त्याला ते दूध मिळालंच नव्हतं.

सकाळी परीक्षकानं कालवडींत प्रॉशकला पहिलं बक्षीस दिलं. लाल फीत रोरीच्या हातात आली, फोटोसाठी दावंही त्याच्याच हातात दिलं गेलं. प्रॉशकनं त्याच्या नव्या बुटावर पाय ठेवला आणि तिथेच उभी राहिली. एफीनं तिला हलवायची घाई केली नाही.

रिंगणात मात्र रोरी जाईना. "आत्या, तू ने गं. तुझं ऐकते ती." अशी आयुष्यात पहिल्यांदा एफी कारमायकल ओबानच्या रिंगणात उतरली. भुशावरून गोल फिरताना तिला वरच्या ओळी दिसत होत्या. लोक पुढे सरकले होते. तिला वाटलं, डूगलला दर वर्षी हे असं दिसायचं तर. त्यानं घरी येऊन कधी सांगितलं नाही.

बोली सुरू झाली. पहिल्या चढावात बरेच होते, मग गळत गेले. उरले दोघे. एक हॅलम नावाचे गृहस्थ, डोक्यावर नवी कोरी टोपी, शेजारी बायको. दक्षिणेत कुठेशी मोठं घर घेतलेले, घरासमोर उभी करायला सुंदर गाय हवी असलेले. दुसरा टॉर्किल. तो खांबाला टेकून उभा होता आणि गुंडाळलेला कागद नाकाला लावून बोली वाढवत होता. हॅलमबाईचा चेहरा उतरत चालला होता. नवऱ्यानं मान हलवायला एकदा वेळ लावला, मग आणखी एकदा जास्त वेळ लावला. एफीला कळलं, आता एक, फार तर दोन. तिनं दावं थोडं सैल केलं. प्रॉशकच्या कानाशी म्हणाली, "चल, झालंच."

तेवढ्यात वरच्या पायऱ्यांवरून एक हात वर गेला.

रोरीचा. लिलाव पुकारणारा डूगलला ओळखायचा, पोराला कुठून ओळखणार? त्यानं बोली घेतली. हॅलमना वाटलं तिसराही आला म्हणजे जनावरात काही आहे, त्यांनी ताबडतोब मान हलवली. पुन्हा रोरीचा हात. टॉर्किलनं वळून वर पाहिलं. क्षणभर पाहतच राहिला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला, आणि त्यानं तो गुंडाळलेला कागद शांतपणे कोटाच्या खिशात ठेवून दिला.

एफीनं ते पाहिलं. तिला सगळं कळलं, जागच्या जागी कळलं. टॉर्किलला वाटलं होतं पोरगा शुद्धीवर आला, आत्यासाठी गाय राखतोय. घरचा माणूस घरचं परत घेतोय, आता शेजाऱ्यानं बाजूला व्हायचं. तिनं मान हलवली, डोळे वटारले, पण टॉर्किल तिच्याकडे बघून नुसता हसत होता. आणि रोरीनं, भाव पुरेसा चढला असं वाटून, हात खाली घेतला.

हॅलमांची बोली राहिली. हातोडा उचलण्याआधी पुकारणाऱ्यानं, इथल्या रीतीप्रमाणे, दावं धरणाऱ्याकडे पाहिलं. "द्यायची ना?"

एक शब्द. 'नाही' एवढाच. गाय घरी आली असती. पण चाळीस वर्षं अंगणात गिऱ्हाईक आलं की एफी जे म्हणायची तेच तिच्या तोंडून निघालं. "मालकाला विचारा."

"द्या, द्या!" वरून रोरी ओरडला. हातोडा पडला.

बाहेर आवारात टॉर्किल लंगडत आला. "झालं ना मनासारखं? पोरगं बापावर गेलं नाही म्हणायचं."

"हॅलमांना गेली," एफी म्हणाली.

"काय?"

"तू थांबलास. तोही थांबला."

टॉर्किलचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, घरचा माणूस बोली लावतोय म्हटल्यावर मी कसा आड येऊ? मला वाटलं तुझ्यासाठीच..."

"तू बरोबर वागलास."

"एफी, मला..."

"बरोबर वागलास म्हणते ना. माझ्याशी सगळे बरोबरच वागत आलेत टॉर्किल. एकाचंही कधी चुकलं नाही."

हे ती जोरात म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो कुंपणाच्या गजाला धरून उभा राहिला.

रोरी हसत हसत आला. "पाहिलंस आत्या? दोनदा हात वर केला, कुठल्या कुठे गेला भाव!" मग टॉर्किलनं त्याला सांगितलं, चांगल्या शिव्या घालून सांगितलं. रोरीचं हसू मावळलं. "पण मला सांगायचं ना! आत्या, मी तशीच दिली असती तुला. बोली नाही, काही नाही. फक्त म्हणायचं होतंस."

आणि ते खरं होतं. पोरगा खोटं बोलत नव्हता. त्यानं खरंच दिली असती. एफीला बाकी सगळं सोसलं असतं, हे सोसेना.

"मी जाऊन सांगतो त्यांना. चूक झाली म्हणतो, परत मागतो."

"हातोडा पडलाय," एफी म्हणाली. "आता तोंड उघडशील तर याद राख."

प्रॉशक दुसऱ्या कुणाला गाडीत चढू देईना, म्हणून एफीलाच बोलावलं. तिनं पुढे चढून हाक दिली, आणि कालवड फळीवरून मुकाट आत आली. एफीनं तिचं दावं बांधलं, डोळ्यांवरची झुलपं बाजूला केली, आणि बाहेर आली. हॅलमबाई फळीपाशीच उभी होती. चांगली बाई होती, डोळ्यांत पाणी वगैरे आलं होतं तिच्या.

"किती ऐकते हो तुमचं! फार वर्षं होता का कारमायकलांकडे कामाला?"

एफीनं तिच्याकडे पाहिलं. पलीकडे रोरी लाल फीत हातात घेऊन उभा होता. "हो," ती म्हणाली. "फार वर्षं."

"वाटलंच मला." हॅलमबाईनं पर्स उघडली आणि एक नोट एफीच्या मुठीत कोंबली. "नाही म्हणू नका. तुमच्या कष्टाचे आहेत."

त्या गाईंपायी एफीला मिळालेला हा पहिला पगार. ती नोटेकडे बघत राहिली. मग तिनं कोटाच्या आतल्या खिशातून रुमालात बांधलेले पैसे काढले, तेच प्रॉशकसाठी आणलेले. त्यातली एक नोट काढून बाईच्या नोटेवर ठेवली, आणि दोन्ही तिच्या हातात परत दिल्या.

"हे काय?"

"शकुनाचे. जनावर विकलं की घेणाऱ्याला थोडे परत द्यायचे असतात. नाहीतर ते रुजत नाही नव्या घरी."

"अय्या, किती छान! पण मग हे कारमायकलसाहेबांनी द्यायला हवेत ना? तुम्ही का?"

"मालकानंच द्यायचे असतात," एफी म्हणाली, आणि बाईची मूठ आपल्या हातानं मिटवली.

हॅलमबाईला काही कळलं नाही. गाडीत बसताना ती नवऱ्याला म्हणाली, किती गोड माणसं आहेत ना इथली. गाडी हलली तशी प्रॉशक आतून हंबरली, एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना. एफी धक्क्याच्या दिशेनं चालू लागली होती. तिनं वळून पाहिलं नाही. बोट सुटायची वेळ झाली होती.